दुखत नाही म्हणून

"दुखना तर कित्याक वचप?" असं माझी मावशी विचारते, आणि तिला पटेल असं उत्तर माझ्याकडे नसतं. चूळ भरली की पाणी तांबूस येतं, हे तिला कित्येक वर्षं ठाऊक आहे. खालचे पुढचे दोन दात जिभेने ढकलले की हलतात, हेही ठाऊक आहे. पेरू आणि सुकतं तिने केव्हाच सोडलं. पण ठणका नाही, सूज नाही, रात्र जागून काढावी लागत नाही. मग दंतवैद्याकडे कशाला जायचं?

शिकलेली माणसं असल्या बोलण्याला चटकन अज्ञान म्हणतात. मला तो हिशेब वाटतो, आणि तोही चांगला मुरलेला. हातावर पोट असलेल्या घरात दुखणं हीच रजेची चिठ्ठी असते. दाढ सुजली की नवरा बोलत नाही, सून चूल सांभाळते, ठेकेदारही एक दिवस कानाडोळा करतो. सूज सगळ्यांना दिसते. हलणारा दात ज्याचा त्यालाच कळतो. 'हिरड्यांतून रक्त येतं म्हणून आज कामावर येत नाही' असं म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. आणि हिरड्यांचा आजार नेमका असा, की तो बहुतेक वेळा दुखतच नाही.

तो होतो कसा, ते थोडक्यात सांगतो. दातांवर, हिरडीच्या कडेला, जंतूंचा एक चिकट थर रोज धरतो. तो रोज निघाला तर काही बिघडत नाही. राहिला, तर लाळेतले क्षार त्यात बसतात आणि दगडासारखं किटण तयार होतं. पाणी तापवायच्या तांब्याच्या भाणाला आतून क्षारांचा थर बसतो, तसंच हे. खालच्या पुढच्या दातांमागे ते सर्वांत आधी धरतं, कारण लाळेच्या ग्रंथींची तोंडं तिथेच जिभेखाली उघडतात. किटण ब्रशने निघत नाही. त्याच्या आधाराने जंतू हिरडीखाली उतरतात, हिरडी लाल होते, हात लागला की रक्त येतं. इथवरचा रस्ता परतीचा आहे. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑऱ्हुस इथे हाराल्ड ल्यो यांनी १२ जणांना ब्रश करणं बंद करायला लावलं. त्यात बहुतेक दंतवैद्यकाचेच विद्यार्थी. दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या आणि पुन्हा ब्रश सुरू केल्यावर काही दिवसांतच पूर्ववत झाल्या. त्यापुढचा टप्पा मात्र वेगळा. आत दाताला धरून ठेवणारं हाड झिजायला लागलं, की ते आपणहून भरून येत नाही. जुनी माणसं याला पायोरिया म्हणतात. तीव्र स्वरूपाचा हा आजार जगात १०० कोटींहून अधिक लोकांना आहे, असं जागतिक आरोग्य संघटनेचा २०२२ चा अहवाल सांगतो.

मावशीला शेवटी पणजीजवळच्या बांबोळीला नेलं ते दातांसाठी नव्हेच. गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, काकांचं डोळ्यांचं काम होतं, आणि गोवा दंत महाविद्यालय तिथे शेजारीच. १९८० साली ते सुरू झालं, आणि गोव्यात दंत महाविद्यालय म्हणून हे एकच. आलोच आहोत तर दाखवून टाकू, असं म्हणून तिला जवळजवळ ओढतच आत नेली.

हिरड्यांच्या विभागात दोन मुली होत्या, शेवटच्या वर्षाच्या असाव्यात. एकीच्या हातात बारीक सळई, तिच्यावर मिलिमीटरच्या खुणा. दुसरी कागद घेऊन बसलेली. पहिली प्रत्येक दाताच्या कडेने सळई हलकेच आत सोडायची आणि आकडा म्हणायची. एका दाताला सहा ठिकाणी. "थ्री, टू, थ्री... फोर, थ्री, फोर..." दुसरी लिहीत जायची. तीनपर्यंतचे आकडे ठीक, हे मला नंतर कळलं. खालच्या पुढच्या दातांशी आल्यावर "सिक्स, फाइव्ह, सेव्हन" असं सुरू झालं आणि लिहिणारीने एकदा मान वर करून मावशीकडे पाहिलं. मावशी छताकडे बघत होती. सात मिलिमीटर म्हणजे हिरडी आणि दात यांच्यामध्ये तेवढी खोल फट, आणि तिच्या तळाशी हाड असायला हवं होतं तिथे नाही. मग तिने दोन हत्यारांच्या मुठींमध्ये एकेक दात धरून हलवून पाहिला. हे सगळं होईपर्यंत मावशीने एकदाही हूं की चूं केलं नाही. दुखलंच नाही तिला.

"तंबाखू खाता?"

"ना."

"मशेरी लावता?"

"ती लायता. दांत घासपाक."

मुलगी हसली नाही, हे मला फार आवडलं. तिने नुसतं लिहून घेतलं. तिच्यासमोर रोज अशा चार-पाच जणी बसत असतील. मशेरी म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखूच. पण आमच्या बायकांच्या लेखी तंबाखू पुरुष खातात, मशेरी लावतात ती दातांना. १९९२ साली केंद्र सरकारने टूथपेस्ट आणि दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली. त्याआधी तपकिरीची पेस्ट ट्यूबमध्ये भरून राजरोस विकली जायची आणि गोव्यातल्या बायका ती वापरायच्या. पुढे डॉ. शरद वैद्यांसारख्यांनी इथे तंबाखूविरुद्ध रान उठवलं, १९९७ साली सार्वजनिक ठिकाणी धूम्रपान आणि थुंकणं यांवर बंदीचा कायदा झाला, २००५ साली गुटख्यावर बंदी आली. पण मशेरीला ना कारखाना, ना वेष्टन, ना जाहिरात. पान बाजारातून येतं, तवा घरचाच. कायद्याने धाड घालायची ती कोणाच्या चुलीवर?

आणि ती सुटत का नाही, हेही मागीलदारी उभं राहून बघायला हवं. सकाळी साडेपाचला मावशी उठते. चूल पेटवून पाणी ठेवते आणि मशेरीची डबी घेऊन मागल्या पायरीवर बसते. शेजारची वहिनीही तिच्या पायरीवर असते. दोघींची बोटं दातांवर फिरत असतात आणि गावातल्या सगळ्या बातम्या तिथे होतात: कोणाची म्हैस व्याली, कोणाच्या पोराला नोकरी लागली, कोणाची सून माहेरी गेली. दिवसभरात तिला कोणी काही मागत नाही अशी हीच पंधरा मिनिटं. शिवाय मशेरीने भूक मरते, म्हणजे सगळ्यांचं होऊन आपल्या चहाची पाळी येईपर्यंत निभावतं. 'मशेरी सोडा' हा सल्ला बरोबरच आहे. मात्र तो देणाऱ्याने या पंधरा मिनिटांच्या जागी काय ठेवायचं ते सांगितलं तर बरं.

उपचार एका फेरीत संपणारा नव्हता. आधी सगळ्या दातांची सफाई, मग हिरडीखालची खोल सफाई भागाभागाने, मग पुन्हा मोजणी, आणि गरज पडली तर हिरडी उघडून आतलं साफ करायचं. पैसे तसे नगण्य होते. खरा खर्च दिवसाचा. सत्तरी तालुक्यातल्या गावातून साखळीला एक बस, तिथून पणजीला दुसरी, कदंब स्टँडवरून बांबोळीला तिसरी. सकाळी केसपेपर काढायचा म्हणजे पहिली गाडी धरायलाच हवी. मावशी बुधवारी डिचोलीच्या बाजारात बसते आणि शुक्रवारी म्हापशाच्या: गावठी भाजी, अळसांदे, सोलं, दिवसांप्रमाणे तवशीं आणि कणगां. आदल्या दिवशी माल गोळा करायचा, जुड्या बांधायच्या. म्हणजे मंगळवार आणि गुरुवारही गेले. चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधीचा पंधरवडा तर विचारूच नका; गणपतीवर बांधायच्या फळापानांच्या माटोळीचं सामान विकून जे हातात येतं त्यावर तिचं अर्धं वर्ष तोललेलं असतं. असा आठवडा ज्याचा असतो त्याला 'दर सहा महिन्यांनी तपासणी करून घ्या' हे वाक्य कसं ऐकू येत असेल?

म्हणून दात काढणं आमच्या भागात इतकं लोकप्रिय. एक फेरी, एक सुई, काम खलास. वाचवायचा दात अनेक दिवस मागतो, काढायचा दात एकच. बारा जणांच्या घरात दोन म्हाताऱ्या कवळ्या लावून बसलेल्या असतात आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. वय झालं, दात गेले. वास्तविक दात वयाने जात नाहीत, वर्षानुवर्षं राहून गेलेल्या आजाराने जातात. पण ज्या गावात सगळ्यांचेच पन्नाशीत जातात, तिथे हे सांगून कोणाला पटणार?

आणखी एक समजूत घट्ट आहे: दात साफ करून घेतले की ते हलायला लागतात. मावशीच्या वाड्यावर याची तीन उदाहरणं तयार असतात. त्यांत खोटं कोणी बोलत नाही. हाड झिजलेले दात कित्येकदा किटणानेच एकमेकांना जखडून धरलेले असतात. ते काढलं की फटी दिसतात, जीभ सारखी तिथे जाते, दात डुगडुगतात. खासगी दवाखान्यात हजार-बाराशे मोजून माणूस आधीपेक्षा वाईट तोंड घेऊन घरी येतो, असं त्याला वाटतं. हे आधी नीट समजावून सांगायला पाच मिनिटं लागतात. एका नामांकित खासगी दवाखान्यात माझ्या स्वतःच्या सफाईच्या वेळी ती पाच मिनिटं कोणी दिली नाहीत. दात पांढरे करून घेण्याचं पॅकेज मात्र सविस्तर समजावलं.

मावशीचा मुलगा, माझा मावसभाऊ, याची गोष्ट वेगळी. तो खनिजाच्या ट्रकवर होता. खाणी जोरात असताना दिवसाला जितक्या खेपा तितके पैसे, आणि झोप लागू नये म्हणून गालात तंबाखू-चुना. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी बंद पडल्या. मध्ये थोड्या सुरू झाल्या, मग २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक दारात उभा आणि कर्जाचे हप्ते चालू. अशा वेळी घरातले खर्च कसे गळतात ते मी जवळून पाहिलंय. पोरांच्या शाळेला हात लावत नाहीत. देवकार्य, जत्रा, लग्नातला अहेर, हेही टिकतं, कारण त्यात चारचौघांत तोंड दाखवायचं असतं. आधी जातं ते दुखत नसलेलं शरीर. त्याला साखरेचा आजार निघाला तेव्हा तो चाळिशीतही नव्हता.

इथे गोव्याबद्दल एक आकडा सांगायलाच हवा. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं सर्वाधिक प्रमाण गोव्यात निघालं, २६.४ टक्के. देशाचं ११.४. म्हणजे आपल्याकडे दर चार प्रौढांत एक. आणि मधुमेह नि हिरड्या यांचं वैर दुहेरी आहे. साखर चढलेली असली की हिरड्यांचा आजार बळावतो, जखम भरत नाही. आणि हिरड्यांमध्ये सतत धुमसणारी सूज असली की साखर आटोक्यात यायला त्रास होतो. तंबाखू त्यात तिसरी. सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तवाहिन्या आकसतात, हिरड्यांतून रक्त कमी येतं, म्हणजे होती नव्हती ती खूणही नाहीशी. मावसभाऊ दर महिन्याला गावच्या आरोग्य केंद्रात जातो, बोट टोचून घेतो, गोळ्या आणतो. पायांची आग होते का विचारतात, डोळे तपासून घ्यायला सांगतात. 'तोंड उघडा' असं आजवर कोणी म्हटलेलं नाही. त्याच केंद्रात सकाळी दंतवैद्य बसतात, कदाचित पलीकडच्याच खोलीत.

दातांना शरीराबाहेर ठेवण्याची ही रीत एकट्या आपली नाही. इंग्लंडमध्ये १९४८ साली मोफत आरोग्यसेवा सुरू झाली तेव्हा कवळ्यांसाठी एवढी झुंबड उडाली की १९५१ मध्ये सरकारने कवळी आणि चष्म्यावर पैसे लावले. ज्याने ती सेवा उभी केली त्या अन्युरिन बेव्हनने त्यावरून मंत्रिपद सोडलं. इंग्लंडची आठवण उगाच झाली नाही. पोर्तुगीज पासपोर्टवर स्विंडनला गेलेली आमची कितीतरी माणसं डिसेंबरात घरी येतात ती दातांची कामं काढूनच. तिथे नंबर लागत नाही, खासगी परवडत नाही. इथे कांदोळी-कळंगुट पट्ट्यात त्यांच्यासाठी, आणि गोऱ्या पाहुण्यांसाठीही, चकाचक दवाखाने आहेत. मोरजीच्या बाजूला रशियन भाषेतल्या पाट्यासुद्धा दिसायच्या. एका इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या कृत्रिम दाताला, २५-३० हजार, ते पौंडांत काहीच वाटत नाहीत. तीन आठवड्यांच्या सुट्टीत सगळ्या फेऱ्या बसवून देतात, संध्याकाळी आठलाही खुर्ची मिळते. मला यात गैर काही दिसत नाही, धंदा आहे. पण सत्तरीतून बांबोळी आणि लंडनहून कळंगुट, या दोन प्रवासांत कोणता लांबचा, असा विचार मनात येऊन जातो.

पुढच्या दातांचं मात्र आमच्या गावातही चांगलं चाललंय, ही गंमत. हॉटेलात रिसेप्शनला, कॅसिनोत, विमानतळावर कामाला लागायचं तर हसू नीट हवं. मुलगी बघायला येतात तेव्हा पत्रिकेनंतर दातच बघतात, कोणी कबूल करो न करो. त्यामुळे मावशीच्या नातीच्या दातांना तारा लावल्या, सोसायटीचं कर्ज काढून लावल्या, आणि योग्यच केलं. त्याच घरात बापाच्या दोन दाढा काढून टाकल्या आणि आजीच्या हिरड्या तशाच. पैसा तोंडातही जिथून दिसेल तिथेच जातो. किटण मागल्या बाजूने धरतं, हाड आतून झिजतं. आरशात नात सुंदर दिसते. तिच्या तारांभोवती अन्न अडकून तिच्याच हिरड्या सुजायला लागल्यात, ते तिच्या आईला मी सांगितलं तर म्हणाली, "तारो काडल्यार सगळें सारकें जातलें."

ब्रश केला की झालं, असं मानणाऱ्यांसाठी श्रीलंकेतला एक अभ्यास आहे. त्याच ल्यो यांनी १९७० ते १९८५ अशी पंधरा वर्षं चहाच्या मळ्यांतल्या ४८० कामगारांचे दात पाहिले. ब्रशची सवय नाही, दंतवैद्य नाही, सगळ्यांच्याच दातांवर किटण. तरीही ८ टक्क्यांत आजार झपाट्याने वाढला, ८१ टक्क्यांत बेताने, आणि ११ टक्क्यांच्या हिरड्या सुजलेल्या असूनही त्यापुढे गेल्याच नाहीत. म्हणजे प्रत्येकाचं शरीर वेगळं. ज्याचं धड त्याला घाणही सोसते, ज्याचं नाही त्याला वेळेवर कोणीतरी बघावं लागतं. कोण कुठल्या गटात आहे हे तोंड उघडल्याशिवाय कळत नाही. मळ्यावरच्या मजुराला ते कळलं ते दात पडल्यावर.

यातलं काही सुधारतंही आहे. २०१७ पासून टूथपेस्टवर आणि ब्रशवर १८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये ५ टक्क्यांवर आला. आमच्या वाड्यावर आता राखुंडी आणि आंब्याचं पान कोणी वापरत नाही. ब्रश घराघरांत आहे, केस वाकडे झालेला का असेना. पंचायतीच्या हॉलमध्ये वर्षातून एकदा शिबिर होतं, पेस्टची छोटी ट्यूब मिळते आणि 'बांबोळीला जा' अशी चिठ्ठीही. चिठ्ठी मिळते, दिवस मिळत नाही. ती चिठ्ठी मी कित्येक घरांत देव्हाऱ्यामागे वीजबिलांबरोबर खोवलेली पाहिली आहे.

मावशीने खोल सफाईच्या फेऱ्या केल्या, बाजाराच्या वारांना बगल देऊन. मधल्या एका चवथीने दोन महिने गेले. रक्त थांबलं. हलणारे दोन दात बारीक तारेने शेजारच्यांना बांधून दिलेत, किती टिकतील ते बघू म्हणाले. मशेरी सुटलेली नाही. दोनदाची एकदा झाली, एवढंच.

माझं म्हणणं फार मोठं नाही. दात साफ करणारी खुर्ची आठवड्यातून दोन संध्याकाळी गावच्या आरोग्य केंद्रात चालू राहावी. आणि साखर तपासायला येणाऱ्या प्रत्येकाला पलीकडच्या खोलीत पाठवावं, वेगळी चिठ्ठी न देता, त्याच फेरीत. बांबोळीला शिकणाऱ्या मुलांना रुग्ण हवेच असतात, त्यांची पाळी लावता येईल. हे मी मावसभावाला सांगितलं, आधी गिऱ्हाईक काय म्हणतं ते बघावं म्हणून. त्याने सगळं नीट ऐकून घेतलं. गालातली तंबाखू त्याने तेवढ्यासाठी थुंकून टाकली होती.

"सांजेचें आसल्यार येतलों," तो म्हणाला. "पूण आयतारा न्ही हां. आयतारा मॅच आसता."